परलोकीय जीव (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

परलोकीय जीव ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या अमेरिकन भूमिकाखेळातील काल्पनिक जीवांची एक मोठी कोटी आहे. माणसे, प्राणी आणि वनस्पती ज्या जगात राहतात त्याच्या पलीकडे इतर अनेक लोक अस्तित्वात आहेत, असे या खेळाचे विश्व मानते. येथे ‘लोक’ हा शब्द स्वर्गलोक, पाताळलोक यांतील अर्थाने घ्यावयाचा आहे. त्या लोकांत उत्पन्न झालेले व त्यांच्याच मूलद्रव्यापासून घडलेले देवदूत, डेव्हिल, डीमन आदी जीव या कोटीत मोडतात. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) त्यांना ‘आउटसायडर’ ही पारिभाषिक संज्ञा देण्यात आली. तथापि असे जीव खेळात १९७० च्या दशकापासूनच आढळतात.

या जीवांची नावे ख्रिस्ती, ज्यू, अरबी, ग्रीक, रोमन व भारतीय परंपरांतून घेतलेली आहेत. त्यामुळे त्यांच्याविषयीची चर्चा खेळाच्या पटापुरती मर्यादित राहिली नाही. १९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, असा आरोप अमेरिकेत झाला आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून सुमारे दहा वर्षे ‘डीमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्द खेळाच्या मुख्य ग्रंथांतून वगळण्यात आले. नावे बदलली तरी जीवांचे स्वरूप मात्र बदलले नाही. देव, राक्षस, निर्वाण हे भारतीय शब्दही या खेळात आले आहेत. पण ते मूळ अर्थापासून बरेच दूर गेलेले आहेत.

खेळाची पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचला. तो १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावातील टीएसआर या संस्थेने प्रसिद्ध केला. या खेळात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, पुरोहित अशा एखाद्या पात्राची भूमिका घेतो. ‘डंजन मास्टर’ म्हणून ओळखला जाणारा एक जण सूत्रधाराचे काम करतो. तो प्रसंगांचे वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि कृतीचे यशापयश नियम व फासे यांवरून ठरते. वीस पैलूंचा फासा ही या खेळाची ओळख बनली आहे.

पात्रांसमोर उभे ठाकणारे जीव सूत्रधाराला तयार मिळावेत म्हणून खेळाचे प्रकाशक त्यांचे कोश प्रसिद्ध करतात. अशा कोशातील प्रत्येक नोंदीत जीवाचे वर्णन, सामर्थ्य दर्शविणारे आकडे, स्वभाव आणि वसतिस्थान दिलेले असते. परलोकीय जीवांविषयीची माहिती मुख्यतः या कोशांतून व त्यांच्या पुरवण्यांतून मिळते.

विश्वरचना

परलोकीय जीवांचे स्वरूप समजण्यासाठी खेळातील विश्वरचना समजणे आवश्यक आहे. गायगॅक्स यांनी या रचनेची पहिली सविस्तर मांडणी १९७७ मध्ये ‘द ड्रॅगन’ या मासिकातील एका लेखात केली आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या ग्रंथाच्या परिशिष्टात तिला स्थान मिळाले. पुढे जेफ ग्रब यांनी ‘मॅन्युअल ऑफ द प्लेन्स’ (१९८७) हा स्वतंत्र ग्रंथच या विषयावर लिहिला. ही रचना ‘ग्रेट व्हील’ म्हणजे महाचक्र या नावाने ओळखली जाते. तिचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत:

भौतिक लोक: माणसांचे व इतर मर्त्य जीवांचे जग.

अंतर्लोक: अग्नी, जल, वायू व पृथ्वी या चार तत्त्वांचे लोक. त्यांच्याखेरीज जीवनशक्तीचा व तिच्या विरोधी शक्तीचा असे आणखी दोन लोक मूळ मांडणीत आहेत. ग्रीक तत्त्वज्ञानातील चार मूलद्रव्यांची कल्पना येथे वापरलेली असल्याने भारतीय पंचमहाभूतांतील आकाश या मांडणीत नाही.

संक्रमणलोक: एका लोकातून दुसऱ्या लोकात जाण्याचे मार्ग. भौतिक लोक व अंतर्लोक यांना ‘इथीरिअल’ लोक जोडतो, तर भौतिक लोक व बहिर्लोक यांना ‘अ‍ॅस्ट्रल’ लोक जोडतो.

बहिर्लोक: चक्राच्या धावेप्रमाणे वर्तुळात मांडलेले सोळा लोक व त्यांच्या मध्यभागी असलेला सतरावा लोक. हे लोक भौगोलिक प्रदेशांपेक्षा नैतिक वृत्तींचे प्रदेश आहेत.

बहिर्लोकांची ही मांडणी खेळातील ‘अलाइनमेंट’ म्हणजे नैतिक कल या नियमावर आधारलेली आहे. प्रत्येक जीवाचा कल दोन अक्षांवर मोजला जातो. पहिल्या अक्षाच्या टोकांना सुष्ट व दुष्ट या वृत्ती असतात, तर दुसऱ्याच्या टोकांना नियमबद्धता व अराजक. दोन्ही अक्षांवर मध्यम वृत्तीही असल्याने एकूण नऊ कल होतात. १९७४ च्या मूळ खेळात केवळ नियम, तटस्थता व अराजक असे तीनच कल होते. नियम आणि अराजक यांच्या संघर्षाची ही कल्पना पोल अँडरसन व मायकेल मूरकॉक या लेखकांच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून आली. सुष्ट-दुष्टाचा दुसरा अक्ष पुढील काही वर्षांत जोडला गेला.

मृत्यूनंतर मर्त्य जीवाचा आत्मा त्याच्या कलाशी जुळणाऱ्या बहिर्लोकात जातो, असे हे विश्व मानते. नियमबद्ध व सुष्ट व्यक्तीचा आत्मा माउंट सेलेस्टिया या सात पायऱ्यांच्या पर्वतरूपी स्वर्गात पोहोचतो. नियमबद्ध पण दुष्ट व्यक्तीचा आत्मा नऊ नरकांत जातो, तर अराजकी दुष्टाचा आत्मा अ‍ॅबिस या अथांग गर्तेत पडतो.

स्वरूप व नियम

तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांनुसार मर्त्य जीव आणि परलोकीय जीव यांच्यातील मूलभूत भेद देह व आत्मा यांच्या संबंधात आहे. मर्त्य जीवाचा देह व आत्मा वेगळे असतात आणि मृत्यूनंतर आत्मा देहातून बाहेर पडतो. परलोकीय जीवाच्या बाबतीत हे द्वैत नसते. त्याचा देह हाच त्याचा आत्मा असतो. त्यामुळे तो मारला गेल्यास मुक्त होणारे असे काही शिल्लक राहत नाही आणि मर्त्यांना पुन्हा जिवंत करणारे सामान्य मंत्र त्याच्यावर चालत नाहीत. मात्र अनेक आवृत्त्यांत डीमन, डेव्हिल आदी जीव आपल्या लोकाबाहेर मारले गेले तर त्यांचा खरा नाश होत नाही; ते आपल्या लोकात परततात. त्यांचा कायमचा अंत करण्यासाठी त्यांच्याच घरात जाऊन त्यांना हरवावे लागते.

याच नियमांत पुढील वैशिष्ट्येही सांगितली आहेत. परलोकीय जीवांना अंधारात दिसते. त्यांना श्वास घ्यावा लागतो, परंतु अन्न व झोप यांची गरज नसते. भौतिक लोकातच जन्मलेल्या मिश्रवंशीय परलोकीयांना मात्र अन्न व झोप दोन्ही लागतात. मंत्रांनी परलोकीयांना पाचारण करता येते, रेखलेल्या वर्तुळात बांधून ठेवता येते, त्यांच्याशी करार करता येतो व त्यांना स्वलोकी परत पाठवताही येते.

‘परलोकीय’ आणि ‘परलोकस्थ’ यांत नियम फरक करतात. स्वतःच्या लोकाबाहेर गेलेला कोणताही जीव त्या ठिकाणी परका ठरतो. नरकात उतरलेला माणूस हा तेथे परकाच असतो आणि तेथील डेव्हिल हे मूळ रहिवासी असतात. म्हणजे परकेपणा हा सापेक्ष आहे, तर परलोकीयत्व हे घडणीतून येते.

प्रमुख वर्ग

स्वर्गीय जीव

सुष्ट बहिर्लोकांतील जीवांना एकत्रितपणे ‘सेलेस्टियल’ म्हणतात. देव, प्लॅनेटार व सोलार या चढत्या श्रेणींचे देवदूत ‘मॉन्स्टर मॅन्युअल टू’ (१९८३) या कोशात आले. माउंट सेलेस्टियाचे आर्कन हे नियमबद्ध आहेत. एलिसियमचे गार्डिनल दोन टोकांच्या मध्ये आहेत, तर आर्बोरियाचे एलाड्रिन स्वच्छंद आहेत. तिघेही सुष्टच आहेत; पण चांगुलपणा शिस्तीतून येतो की स्वातंत्र्यातून, या प्रश्नावर त्यांची वृत्ती भिन्न आहे.

डेव्हिल व डीमन

मराठीत या दोन्ही शब्दांसाठी सैतान, राक्षस असे प्रतिशब्द सरसकट वापरले जातात. या खेळात मात्र ते दोन परस्परविरोधी वंश असल्याने येथे मूळ शब्द ठेवले आहेत.

डेव्हिल नऊ नरकांत राहतात. ते दुष्ट असले तरी नियमांना बांधलेले आहेत. त्यांची समाजरचना कडक उतरंडीची असून प्रत्येक नरकावर एका अधिपतीची सत्ता असते आणि नवव्या नरकातील अ‍ॅस्मोडियस हा सर्वांचा सम्राट असतो. डेव्हिलचे मुख्य शस्त्र म्हणजे करारपत्र. ते माणसाला हवे ते देतात व मोबदल्यात आत्मा मागतात. करारातील अक्षर ते मोडत नाहीत, पण त्याचा अर्थ स्वतःला सोयीचा लावतात. डिस व मॅलबोल्ज ही नरकांची नावे आणि नऊ ही संख्या चौदाव्या शतकातील इटालियन कवी दान्ते याच्या नरकवर्णनाची आठवण करून देतात.

डीमन अ‍ॅबिसमध्ये राहतात. या गर्तेचे ६६६ थर मानले जातात. डीमनांत कायदा नाही. जो बलवान त्याचीच सत्ता चालते. ऑर्कस, डेमोगॉर्गन, ग्राझ्ट, लोल्थ हे त्यांचे प्रमुख राजे-राण्या होत. सहा हातांची व सर्पदेहाची मरिलिथ आणि पंख व ज्वाला धारण करणारा बालोर हे त्यांचे परिचित प्रकार आहेत.

दोन्ही वंश दुष्ट असूनही एकमेकांचे कट्टर शत्रू आहेत. त्यांच्यातील न संपणाऱ्या लढाईला ‘ब्लड वॉर’ म्हणतात. तिसरा दुष्ट वंश युगोलोथांचा असून तो मोबदला घेऊन कोणत्याही बाजूने लढतो. दुष्टांची शक्ती परस्परांत खर्ची पडते म्हणूनच मर्त्यांचे जग टिकून आहे, असे या कथाविश्वात गृहीत धरलेले आहे.

या सर्वांचे मूळ मात्र मर्त्यांतच आहे. नरकात गेलेले आत्मे लेम्यूर या आकारहीन, विचारशून्य जीवांत बदलतात. हाच डेव्हिलांचा सर्वांत खालचा स्तर होय आणि तेथून बढती मिळवीत एखादा लेम्यूर वरच्या पदास जाऊ शकतो. अ‍ॅबिसमध्ये गेलेले आत्मे मेन या क्षुद्र डीमनांचे रूप घेतात. प्लेनस्केप मालिकेत माउंट सेलेस्टियावर पोहोचलेले आत्मे आरंभी कंदिलासारख्या प्रकाशगोलांच्या रूपातील आर्कन होतात. परलोकीय म्हणून ज्यांची भीती वाटते किंवा ज्यांचा आधार वाटतो, ते अशा रीतीने पुष्कळदा पूर्वीचे मर्त्यच असतात.

नियम व अराजक यांचे जीव

मोड्रॉन हे मेकॅनस या दातेरी चाकांच्या यंत्रलोकाचे रहिवासी होत. त्यांचे देह गोल, घन अशा भौमितिक आकारांचे असून ते केवळ आज्ञापालन जाणतात. दर २८९ वर्षांनी, म्हणजे सतरा गुणिले सतरा वर्षांनी, त्यांची मोठी संचलनयात्रा सर्व बहिर्लोकांतून फिरते. याच्या विरुद्ध टोकाला लिंबो या सतत बदलणाऱ्या लोकातील बेडकांसारखे स्लाड असतात. ‘फीन्ड फोलिओ’ (१९८१) या कोशात ते प्रथम ग्रंथरूपाने आले. मोड्रॉन व स्लाड सुष्टही नाहीत आणि दुष्टही नाहीत. तरीही माणसाला त्यांच्यासोबत जगणे कठीण जाते.

तत्त्वांचे जीव

जिन्नी वायुलोकात राहतात, एफ्रीती अग्निलोकात, मारिद जललोकात आणि दाओ पृथ्वीलोकात. यांपैकी पहिल्या तिघांची नावे अरबी लोककथांतून आलेली आहेत. पितळी शहर ही एफ्रीतींची राजधानी मानली जाते. तत्त्वलोकांत एलिमेंटल हे शुद्ध ज्वालेचे, पाण्याचे, वाऱ्याचे वा मातीचे जीवही असतात; तिसऱ्या आवृत्तीत त्यांची गणना स्वतंत्र कोटीत केली आहे.

मिश्रवंशीय व इतर

टीफलिंग यांच्या पूर्वजांत कोणी डेव्हिल वा डीमन असतो, तर आसिमार यांच्या पूर्वजांत स्वर्गीय जीव. ते भौतिक लोकातच जन्मतात. शिंगे, शेपूट अशी चिन्हे असलेल्या टीफलिंगांना समाज संशयाने पाहतो. पण त्यांचा स्वभाव त्यांच्या रक्तावरून ठरत नाही. खेळाडूंना हा वंश आपल्या पात्रासाठी निवडता येतो व तो अतिशय लोकप्रिय आहे. गिथयांकी हे अ‍ॅस्ट्रल लोकातील लढवय्ये असले तरी तिसऱ्या आवृत्तीच्या अर्थाने ते परलोकीय नाहीत. माइंड फ्लेअर या मेंदू खाणाऱ्या जीवांच्या गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांचे ते वंशज आहेत. त्यांची निर्मिती चार्ल्स स्ट्रॉस या ब्रिटिश लेखकाने केली; स्लाडही त्याचेच. गिथयांकी हे नाव मात्र जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९७७ मधील एका कादंबरीतून घेतलेले आहे.

इतिहास

आरंभ (१९७४–१९८३)

मूळ खेळात टोल्किन यांच्या कादंबऱ्यांतील बॅलरॉग हा जीव होता. टोल्किन यांच्या साहित्याचे हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर हे नाव काढून टाकण्यात आले आणि त्याची जागा पुढे बालोर या डीमनाने घेतली. परलोकीय जीवाचे नाव खेळाबाहेरच्या कारणाने बदलण्याचा हा पहिला प्रसंग होता.

गायगॅक्स व ब्रायन ब्लूम यांच्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ (१९७६) या पुरवणीत डीमनांचे वर्गवार वर्णन प्रथम आले व ऑर्कस आणि डेमोगॉर्गन यांचा परिचय झाला. ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ (१९७७) या पहिल्या मोठ्या कोशात डेव्हिल आले. ऑर्कस व डिस्पेटर ही रोमन पाताळदेवतांची नावे आहेत. अ‍ॅस्मोडियस हे नाव ज्यू-ख्रिस्ती परंपरेतील आहे, तर गेरियन ग्रीक पुराणकथांतील. वेगवेगळ्या काळांतील व श्रद्धांतील ही नावे एकाच कोशात, सारख्याच आकड्यांच्या चौकटीत मांडली गेली.

आरोप व वाद (१९७९–१९९०)

१९७९ मध्ये मिशिगन राज्यातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला. त्याचा संबंध या खेळाशी जोडणाऱ्या बातम्या वृत्तपत्रांतून झळकल्या. तो पुढे सापडला आणि त्याच्या जाण्याची कारणे खेळाशी निगडित नसल्याचे उघड झाले. परंतु लोकांच्या मनातील प्रतिमा तशीच राहिली. अशाच कल्पनेवर बेतलेली रोना जॅफ यांची ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ ही कादंबरी १९८१ मध्ये निघाली व पुढच्या वर्षी टॉम हँक्स यांची भूमिका असलेला चित्रपट आला.

१९८२ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने आत्महत्या केली. त्यास हा खेळ कारणीभूत आहे, अशी त्यांची खात्री होती. न्यायालयात त्यांचा दावा टिकला नाही. त्यांनी १९८३ मध्ये बीएडीडी या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी खेळविरोधी संघटना स्थापन केली. या खेळात डीमनांची नावे, चित्रे व पाचारणाचे मंत्र असल्याने तो प्रत्यक्ष सैतानपूजेचे शिक्षण देतो, हा संघटनेचा मुख्य आरोप होता. १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायगॅक्स व पुलिंग या दोघांचेही म्हणणे मांडले गेले. लेखक मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध करून पुलिंग यांच्या आकडेवारीतील व पद्धतीतील दोष दाखवून दिले. पुढील अभ्यासांतही खेळ आणि आत्महत्या यांच्यात कार्यकारणसंबंध आढळला नाही.

या वादात दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत होत्या. खेळाडूंच्या दृष्टीने डीमन हा पराभूत करण्याचा शत्रू होता. त्याची पूजा करणे खेळाला अभिप्रेत नव्हते. सैतान खरोखरच अस्तित्वात आहे असे मानणाऱ्या श्रद्धावंत पालकांना मात्र त्याचे नाव मुलांच्या हाती खेळणे म्हणून दिले जाणे हेच भयावह वाटत होते. एका शोकाकुल मातेच्या दुःखातून उभा राहिलेला हा आक्षेप पुराव्यावर टिकला नाही, तरी त्याचा परिणाम खेळाच्या भाषेवर झाला.

नामांतर (१९८९–२०००)

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डीमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्द गाळण्यात आले. टीएसआरचे जेम्स वॉर्ड यांनी १९९० मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात या निर्णयामागे पालकांच्या तक्रारी असल्याचे सांगितले. अनेक जुन्या खेळाडूंना हा निर्णय रुचला नाही. १९९१ मध्ये बहिर्लोकांच्या जीवांवरील पुरवणी निघाली तेव्हा हे जीव परत आले. परंतु आता डीमनांना ‘तानारी’, डेव्हिलांना ‘बाटेझू’ आणि पूर्वीच्या डेमनांना ‘युगोलोथ’ अशी नवी, कोणत्याही धर्माशी नाते नसलेली नावे होती.

नव्या नावांचा एक अनपेक्षित लाभ झाला. धर्मग्रंथांतील संदर्भ सुटल्यामुळे लेखकांना या वंशांचा इतिहास, भाषा, राजकारण व परस्परवैर स्वतंत्रपणे रचता आले. याची परिणती १९९४ च्या ‘प्लेनस्केप’ या मालिकेत झाली. डेव्हिड ‘झेब’ कुक यांनी तिची रचना केली व टोनी डिटर्लिझी यांनी चित्रे काढली. सिजिल हे कड्याच्या आतील बाजूवर वसलेले शहर तिचे केंद्र आहे. त्याच्या दारांतून कोणत्याही लोकात जाता येते. येथील पाणपोयांत व बाजारांत देवदूत, तानारी व माणसे शेजारी-शेजारी बसतात. देवांना मात्र या नगरीत प्रवेश नाही. परलोकीय जीव म्हणजे केवळ लढाईतील शत्रू नसून शेजारी, व्यापारी व वादविवाद करणारे नागरिकही असू शकतात, हा विचार या मालिकेने रूढ केला. टीफलिंगांचा उगमही याच मालिकेत आहे.

तिसरी आवृत्ती व नंतर (२००० पासून)

१९९७ मध्ये टीएसआर ही संस्था विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने विकत घेतली. तिने २००० मध्ये काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘डीमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्द परत आले. तानारी व बाटेझू ही नावे त्यांच्यातील उपवंशांसाठी राखली गेली. ‘आउटसायडर’ ही संज्ञाही याच आवृत्तीतील. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने महाचक्र बाजूला ठेवून वेगळी विश्वरचना मांडली. तीत डेव्हिल हे देवाविरुद्ध उठलेले पूर्वीचे देवदूत आहेत, तर डीमन हे भ्रष्ट झालेले तत्त्वजीव आहेत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने महाचक्र पुन्हा स्वीकारले. पण ‘आउटसायडर’ ही एकत्रित कोटी न ठेवता स्वर्गीय, दुष्ट, तात्त्विक असे स्वतंत्र वर्ग केले.

पेझो या प्रकाशनसंस्थेचा ‘पाथफाइंडर’ (२००९) हा खेळ तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांतून निघालेला आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ‘आउटसायडर’ कोटी कायम राहिली.

भारतीय परंपरेतील नावे

मराठी वाचकाला या कोशांतील काही नावे ओळखीची वाटतात; परंतु त्यांचे अर्थ बदललेले आहेत.

राक्षस: हा जीव १९७५ पासून खेळात आहे. भारतीय महाकाव्यांतील राक्षसांप्रमाणे तो मायावी व रूपपालट करणारा आहे. तथापि खेळाने तो थेट रामायणातून न घेता ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधील एका भागातून घेतला. आडव्या धनुष्यातून सोडलेल्या मंत्रपूत बाणाने राक्षस मरतो, हा खेळातील नियम त्या भागातून आला. वाघाचे डोके, उंची वस्त्रे व हाती धूम्रनलिका हे त्याचे रूप ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील चित्राने रूढ केले. रावण, बिभीषण, घटोत्कच अशी परस्परांहून भिन्न प्रकृतीची पात्रे भारतीय कथांत राक्षसकुळातील आहेत. खेळातील राक्षस मात्र जन्मतःच दुष्ट आहे.

देव: खेळातील ‘देव’ म्हणजे ईश्वर नसून ईश्वराचे दूत होत. चौथ्या आवृत्तीत (२००९) त्यांना वेगळे रूप मिळाले. तेथे देव हे मर्त्य देहात पुनःपुन्हा जन्म घेणारे आत्मे आहेत आणि दुष्कर्म करणारा देव पुढील जन्मी राक्षस होण्याचा धोका असतो. पुनर्जन्म व कर्मफल या भारतीय कल्पनांचा येथे प्रत्यक्ष उपयोग केलेला दिसतो.

असुर: पाथफाइंडर खेळात असुर हे देवतांच्या प्रमादांतून जन्मलेले दुष्ट जीव आहेत. ऋग्वेदाच्या प्राचीन भागात मात्र असुर हे वरुणासारख्या देवतांचे गौरवपर विशेषण आहे. इराणी परंपरेत ‘अहुर’ हा शब्द पूज्य राहिला आणि ‘दएव’ निंद्य ठरला, तर भारतात याउलट घडले. शब्द तोच राहून त्याचे नैतिक मूल्य उलटणे ही घटना अशा रीतीने खेळाच्या कितीतरी आधीची आहे.

निर्वाण: १९७८ च्या मांडणीत निरपेक्ष नियमबद्धतेच्या लोकाला ‘निर्वाण’ हे नाव होते. दातेरी चाकांच्या या लोकाचा बौद्ध धर्मातील तृष्णाक्षयाशी काही संबंध नव्हता. प्लेनस्केप मालिकेत त्याचे नाव ‘मेकॅनस’ असे झाले.

‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ (१९८०) या ग्रंथात ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवतांसोबत भारतीय देवतांचेही प्रकरण होते. इंद्र, अग्नी, काली, विष्णू यांची शक्ती तेथे इतर जीवांप्रमाणेच आकड्यांत दिलेली होती. ग्रीक व नॉर्स देवतांची उपासना मुख्य प्रवाहातून लोपली असली तरी विष्णू वा काली यांचे पूजन आज कोट्यवधी घरांत होते. ज्यांची उपासना चालू आहे अशा देवतांना पराभूत करण्याजोग्या जीवांच्या यादीत ठेवावे काय, हा प्रश्न या ग्रंथामुळे उपस्थित होतो. १९८० च्या दशकातील ख्रिस्ती पालकांच्या अस्वस्थतेशीही त्याचे नाते आहे.

इतर माध्यमांत

‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ (१९९९) हा संगणकीय खेळ या विश्वरचनेवर आधारलेला असून त्यातील संवादलेखनाची विशेष प्रशंसा झाली. ‘बाल्डर्स गेट थ्री’ (२०२३) या लॅरियन स्टुडिओजच्या खेळात गिथयांकी, टीफलिंग व करारपत्रे घेऊन फिरणारा डेव्हिल ही महत्त्वाची पात्रे आहेत. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ (२०१६–२०२५) या मालिकेतील मुले आपल्या गावात अवतरलेल्या अज्ञात जीवाला खेळातील ‘डेमोगॉर्गन’ हेच नाव देतात. तिच्या २०२२ मधील चौथ्या पर्वात हा खेळ खेळणाऱ्या तरुणाला गावकरी सैतानपूजक समजतात, असे कथानक असून त्याला १९८० च्या दशकातील वादाची पार्श्वभूमी आहे.

महत्त्व

अद्भुतरम्य वाङ्मयात परलोकातील जीव पूर्वीपासून आहेत. या खेळाचे वेगळेपण असे की, त्याने त्यांना एका सुसंगत नकाशात बसविले आणि प्रत्येकाला एका नैतिक वृत्तीचे मूर्त रूप दिले. नियमबद्ध दुष्टता व अराजकी दुष्टता यांत फरक असतो, शिस्त म्हणजे आपोआप चांगुलपणा नव्हे, सज्जनांतही मार्गभेद असतात, हे विचार डेव्हिल, मोड्रॉन व एलाड्रिन यांच्या रूपाने किशोरवयीन खेळाडूंपुढे येतात. नऊ कलांची ही चौकट फार ठोकळेबाज आहे, जन्मतः दुष्ट असा वंश कल्पिणेच चुकीचे आहे, असे आक्षेपही घेतले जातात. टीफलिंगांसारखे वंश आणि प्लेनस्केपसारख्या मालिका हे त्या आक्षेपांना खेळाच्या आतूनच मिळालेले उत्तर मानता येते.